मुडशिंगीच्या माळावर लढाई

कोल्हापुरात दरवर्षी एक लढाई होते, पण तिला कोणी लढाई म्हणत नाही. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर, म्हणजे आपल्या टेंबलाईवर जाते. छत्रपती घराण्यातली मंडळी हजर असतात. कुमारिकेच्या हातून कोहळ्यावर वार होतो आणि कोहळा फुटताच त्याचा तुकडा मिळवायला अशी झुंबड उडते की बंदोबस्तावरच्या पोलिसांची दमछाक व्हावी. देवीने मारलेल्या असुराची ही आठवण. असुर म्हणून कोहळा, रणांगण म्हणून टेकडी, आणि नुसते बघायला आलेले लोक शेवटच्या मिनिटाला स्वतःच रणात उतरलेले. लढाईचा देखावा उभा करणाऱ्याला जे तीन प्रश्न छळतात ते इथे एकाच जागी भेटतात. शत्रूचे सोंग कोणी घ्यायचे, जखम न होता वार कसा दाखवायचा आणि बघ्यांना दोरीच्या पलीकडे कसे ठेवायचे? पहिले दोन प्रश्न कोहळ्याने सोडवले आहेत. तिसरा अजून सुटलेला नाही.

याच टेकडीच्या पुढे उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडीचा विमानतळ आणि त्याला लागून गडमुडशिंगी. कोल्हापूरहून हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला ऊस. या प्रकरणापुरते असे धरून चालू, की मुडशिंगीच्या एखाद्या मोकळ्या माळावर काही हौशी मंडळींना एका ऐतिहासिक लढाईचा मैदानी प्रयोग करायचा आहे. दोन्ही बाजूंची मिळून शंभरेक माणसे, बघायला दोन-तीन हजार लोक, आणि संध्याकाळी सगळ्यांना धडधाकट घरी पाठवायचे. सगळा खटाटोप आहे तो या शेवटच्या अटीपायी.

सुरुवात चित्रपटापासून करायचा मोह होतो आणि कोल्हापुरात तो स्वाभाविकही आहे. पडद्यावरची मराठी लढाई याच गावात जन्मली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. त्यात शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत शिवकालाला जे रूप दिले, तेच आजही आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण कॅमेऱ्यापुढची लढाई तुकड्यातुकड्यांत होते. वार चुकला तर पुन्हा घेता येतो, घोडा बिथरला तर चहा पिऊन परत सुरुवात करता येते. माळावर तसे चालत नाही. तिथे एकदा सुरू झाले की चाळीस मिनिटे सलग चालते, चारी बाजूंनी दिसते, आणि ‘कट’ म्हणणारा कोणी नसतो.

म्हणून चित्रपट बाजूला ठेवून तालमीत जावे. मर्दानी खेळ म्हटले की लोकांना पट्ट्याने कापलेले लिंबू आठवते. मला त्याहून मोलाची वाटते ती फरी-गदगा ही साधी जोडी. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली वेताची छडी आणि फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. तलवारीचे सगळे पवित्रे शिकायचे, समोरच्याच्या अंगावर खरा फटका मारायचा, आणि तरी कोणाचे रक्त काढायचे नाही, यासाठीच ही जोडी घडवलेली. बोथाटी त्याहून चतुर. लांब काठीच्या टोकाला गोळा, त्यावर कापड, आणि ते रंगात बुडवलेले. घोडेस्वार एकमेकांवर चालून जातात आणि फेरी संपल्यावर कोणाच्या अंगरख्यावर रंग आहे ते पाहून हरलेला ठरवतात. भाल्याची लढाई तिच्या सगळ्या वेगासकट खेळता यावी आणि ‘मला लागलाच नाही’ हा वाद मिटावा, अशी दोन्ही कामे एका चिंधीने केली. युरोपातल्या हौशी मंडळींना वाद मिटवण्यासाठी आजही पंच आणि पानेच्या पाने नियम लागतात.

त्या मंडळींची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण त्यांनी खाल्लेल्या ठेचा आपल्याला फुकट मिळतात. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या अर्लने मध्ययुगीन शूरांची दंगल भरवली. चिलखते, घोडे, तंबू, लाखभर प्रेक्षक. आणि पहिल्याच दिवशी असा पाऊस आला की मैदानाचा चिखल झाला, आणि शूरवीरांपेक्षा छत्र्यांचीच चर्चा जास्त झाली. खर्चाने अर्ल साहेबांचे कंबरडे मोडले. इंग्लंडमध्ये १९६८ साली ब्रिगेडियर पीटर यंग या लष्करी इतिहासकाराने ‘सील्ड नॉट’ ही संस्था सुरू केली. सतराव्या शतकातल्या इंग्लिश यादवी युद्धाच्या लढाया ती आजही मैदानावर करते. २०१५ साली वॉटर्लूच्या द्विशताब्दीला पाच हजारांवर हौशी सैनिक आणि तीनेकशे घोडे जमले. मूळ लढाईत दोन्ही बाजू मिळून दोन लाखांच्या घरात माणसे होती. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एकातही चाळीसास एक असे प्रमाण पडले. मुडशिंगीत शंभर माणसांनी लाजायचे कारण नाही.

आता लढाई कोणती? कोल्हापुरात हा प्रश्न विचारला की दहापैकी नऊ जण पावनखिंड म्हणतील. १२ जुलै १६६० ची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीदचे बलिदान, बाजीप्रभू आणि बांदल सेनेने अडवून धरलेली घोडखिंड. यापेक्षा नाट्य कुठे सापडेल? पण पावनखिंड खिंडीची आहे. ती सपाट माळावर आणली की उरतात फक्त दोन्ही हातांत तलवारी घेतलेला एक नट आणि त्याच्याभोवती फिरणारे चाळीस जण. शिवाय तिचा खरा देखावा दर पावसाळ्यात होतच असतो. पन्हाळ्यावरून निघून मसाई पठार ओलांडत, चिखल तुडवत, जळवा अंगावर घेत हजारो तरुण दोन दिवसांत पावनखिंडीपर्यंत चालतात. त्यात एकही तलवार उपसली जात नाही. पण त्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन धावणाऱ्यांच्या पायांचे काय झाले असेल हे या पदयात्रेतून जेवढे कळते, तेवढे कुठल्याही रंगमंचावरून कळणार नाही. मराठी मुलखातला इतिहासाचा हा सर्वांत प्रामाणिक प्रयोग आहे असे माझे मत आहे.

माळाला माळाचीच लढाई हवी, आणि ती कोल्हापूरकरांच्या दाराशी आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान पडला. पुढच्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूरने रुस्तुमे जमानला पाठवले. बरोबर अफझलखानाचा मुलगा फाजलखान होता, बापाच्या सुडाने पेटलेला. २८ डिसेंबर १६५९ ला कोल्हापूरजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि आदिलशाही फौज उधळली गेली. गनिमी काव्याच्या आपल्या सवयीच्या चित्रात ही लढाई बसत नाही. ती उघड्या मैदानावरची, फळ्या मांडून केलेली, घोडदळाच्या वेगावर जिंकलेली आहे. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त तिचे वर्णन येते. मधल्या फळीत कोण, डावी-उजवी बगल कोणाकडे, अशी नावानिशी मांडणी त्या संस्कृत काव्यात आहे. सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये हे काव्य प्रसिद्ध केले. देखावा बांधणाऱ्याला असा दस्तऐवज म्हणजे आयता आराखडा. नेताजी पालकर, हिरोजी इंगळे, सिधोजी पवार अशी माणसे जागेसकट मिळतात.

साधने ‘कोल्हापूरजवळ’ म्हणतात. मुडशिंगी म्हणत नाहीत. तेव्हा ‘हीच ती पावन भूमी’ असा फलक माळावर लावायचा नाही. निवेदकाने सुरुवातीलाच सांगावे, की लढाई या परिसरात झाली आणि आज आपण ती इथे मांडतो आहोत. गावाचा अभिमान तेवढ्याने कमी होत नाही. आणि खोटा फलक एकदा लागला की पुढच्या पिढीत त्याचाच पुरावा म्हणून वापर होतो.

तारीखही सोयीची आहे. डिसेंबरअखेर पावसाचे भय जवळजवळ नाही, ऊन सोसवते, काळी जमीन घट्ट झालेली असते. अडचण एकच, आणि ती खास इकडची. ऊसतोड ऐन भरात असते. हुपरीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संथपणे चाललेले असतात आणि त्यांच्यामागे सगळी वाहने. दोन हजार प्रेक्षक साडेतीनला माळावर हवे असतील तर येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवावी, गाड्या लावायला माळाच्या अलीकडचे तुटलेल्या उसाचे रान भाड्याने घ्यावे, आणि रुग्णवाहिकेचा रस्ता या दोन्हींपासून पूर्ण मोकळा ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे. पण जत्रांत माणसे चेंगरतात ती अनेकदा येण्या-जाण्याच्या वाटेवरच.

विमानतळाचा शेजार मुडशिंगीला काही नवा नाही. त्याच्या विस्तारासाठी गावच्या जमिनी गेल्या आहेत. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा, की लग्नात उडवतात तसा ड्रोन इथे उडवायचा नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाभोवतीचा पट्टा प्रतिबंधित असतो आणि परवानगीशिवाय तिथे उड्डाण हा गुन्हा आहे. वरून काढलेले चित्रीकरण हवेच असेल तर बांबूचा मचाण बांधावा. आकाशात जाणारे फटाके आणि लेझरचे झोत हेही त्याच कारणाने वर्ज्य.

परवानग्यांचा विषय लांबवत नाही, पण टाळता येणार नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात शस्त्रबंदी आणि जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात. त्यांत तलवारी, भाले आणि साध्या काठ्यासुद्धा येतात. वाढदिवसाला तलवारीने केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा पोलीस ठाण्यात जाताना ‘कार्यक्रमाला परवानगी द्या’ एवढाच अर्ज नेऊ नये. शस्त्रांची यादी, प्रत्येकाचे छायाचित्र, बोथट केल्याची नोंद, ती कोणाच्या ताब्यात राहणार त्याचे नाव आणि निवेदनाची पूर्ण संहिता सोबत जोडावी. ग्रामपंचायतीचा ठराव, जमीनमालकाची लेखी संमती, अग्निशमन, आरोग्य विभाग ही पुढची रांग. घोडे आणायचे तर प्राणी कल्याण मंडळाच्या नियमांप्रमाणे नोंदणी पाहावी लागते. हे सगळे चार महिने आधी सुरू करावे. अधिकाऱ्याला घाईत ‘नाही’ म्हणणे नेहमीच सोपे जाते.

संहिता जोडायची ती का, हे मिरजेने शिकवले आहे. २००९ च्या गणेशोत्सवात अफझलखान वधाच्या कमानीवरून तिथे दंगल उसळली. कोल्हापूर-सांगली भागात सजीव देखाव्यांची हौस मोठी आणि त्या देखाव्यांतून आजच्या भांडणांना वाट काढून देण्याची सवयही जुनी. १६५९ च्या लढाईची गंमत अशी, की ती प्रामाणिकपणे मांडली तर या सवयीला जागाच राहत नाही. महाराजांच्या फळीत सिद्दी हिलाल आहे. पुढे पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजीबरोबर तोच गेला आणि त्या झुंजीत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. समोरच्या आदिलशाही फळीत घाटग्यांसारखे मातब्बर मराठे आहेत. खुद्द रुस्तुमे जमानचे शिवाजी महाराजांशी आतून सख्य असल्याची कुजबूज इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत आहे. निवेदकाने ‘आदिलशाही फौज’ आणि ‘स्वराज्याची फौज’ एवढेच शब्द वापरावेत. ही भीड नाही. इतिहासच तसा आहे.

पण आदिलशाही फौजेत जायचे कोणी? हा प्रश्न पहिल्या बैठकीत हसण्यावारी जातो आणि तिसऱ्या बैठकीत मंडळ फोडतो. सगळ्यांना मावळा व्हायचे असते. अमेरिकेत यादवी युद्धाचे प्रयोग करणाऱ्या अनेक तुकड्या निळा आणि करडा असे दोन्ही गणवेश बाळगतात आणि ज्या दिवशी जी बाजू कमी पडेल ती घेतात. आपल्याला तेवढाही खर्च नाही. सतराव्या शतकात दोन्ही फौजांची वेशभूषा बरीचशी सारखीच होती. गणवेश असा नव्हताच. कमरेच्या शेल्याचा रंग बदलला की बाजू बदलली. सकाळच्या प्रयोगात जो आदिलशाही तो दुपारी स्वराज्याचा, असे ठरवून टाकावे. आणि रुस्तुमे जमान, फाजलखान या भूमिका नवख्यांच्या गळ्यात मारायच्या नाहीत. त्या सर्वांत कसलेल्या वस्तादाच्या पठ्ठ्यांना द्याव्यात, कारण पडणाऱ्याला मारणाऱ्यापेक्षा जास्त कौशल्य लागते.

पडण्यावरून आठवले. जगातल्या प्रत्येक लुटुपुटूच्या लढाईत एकच रोग आढळतो: कोणी मरतच नाही. समोरून तीन वार बसले तरी गडी उभाच. मुले बघत असतात, गावचे पाहुणे आलेले असतात, मित्र मोबाइल रोखून बसलेले असतात. अशा वेळी पाचव्या मिनिटाला धुळीत आडवे होणे कोणाला आवडेल? आणि मरायचेच असेल तर लोक सावलीत, छावणीजवळ, पाण्याच्या पिंपाच्या बाजूला मरतात. यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या. आदल्या रात्री प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची. तीत त्याच्या मरणाचे ठिकाण आणि वेळ लिहिलेली. पहिल्या चकमकीत सहा, मधल्या फळीच्या धडकेत पंधरा, पळापळीत बाकीचे. मेलेल्याने पालथे पडावे, हात डोक्याशी घ्यावेत आणि घोडे जवळ येणार असतील त्या पट्ट्यात मुळीच मरू नये. चिठ्ठी बदलून घेण्याला बंदी. बोथाटीचा रंग इथे पुन्हा कामी येतो: छातीवर गुलाल उमटला की चिठ्ठीची वाट न पाहता पडायचे.

आता शस्त्रे. लोखंडी तलवार वापरायची तर धार पूर्ण घासून कड निदान तीन मिलिमीटर जाड ठेवायची, टोक नाण्याच्या कडेसारखे गोल करायचे, आणि प्रत्येक सरावानंतर कडेवर बोट फिरवून पाहायचे. लोखंडावर लोखंड आपटले की खाचा पडतात, आणि खाचेची कूस वस्तऱ्याइतकी कापते. त्या खाचा त्याच दिवशी कानशीने घासाव्यात. वार फक्त खांद्यापासून मांडीपर्यंत. डोके, मान, कोपर, गुडघा आणि हाताचा पंजा वर्ज्य. खुपसणे पूर्ण वर्ज्य. खुपसण्याचा वार समोरच्याला उशिरा दिसतो आणि मारणाऱ्याला मधेच आवरता येत नाही. दांडपट्टा घोळक्यात आणायचाच नाही. त्याचे पाते लवचिक, फिरण्याचा घेर मोठा, आणि फिरवणाऱ्याला पाठीमागचा दिसत नाही. दोरी बांधून फेकायचा विटाही तसाच. या दोघांना लढाईआधी स्वतंत्र रिंगण द्यावे. हलगी, घुमके, कैताळ लावून तालमीच्या पोरांनी तिथे मन भरून खेळावे. प्रेक्षक तेवढ्यानेच अर्धे जिंकले जातात.

हलगीचा आणखी एक उपयोग सुचवतो. मैदानात खरी दुखापत झाली तर थांबायचे कसे? ओरडण्याने काही होत नाही. सगळेच ओरडत असतात. शिट्टी गर्दीत हरवते. पण मर्दानी खेळ खेळणाऱ्याचे पाय हलगीवर चालतात. तेव्हा नियम असा करावा, की हलगी वाजते तोवर लढाई आणि हलगी थांबली की जो जिथे आहे तिथे शस्त्र जमिनीकडे करून उभा. हलगीवाल्यांना उंच मचाणावर बसवावे, आणि त्यांच्या शेजारी असा एक माणूस असावा ज्याला लढाईत काडीचाही रस नाही. त्याने फक्त अपघात शोधायचे.

बंदुका आणि तोफा यांच्या बाबतीत माझा सल्ला रूक्ष आहे: आवाज घ्या, हत्यार घेऊ नका. विलायतेत कोऱ्या दारूचे बार काढतात, पण त्यांचे नियमच पाहा. दारू ठासण्याचा गज मैदानात नळीत घालायचाच नाही, कारण घाईत तो आत विसरला की बाणासारखा सुटतो. नळी समोरच्यावर रोखायची नाही, त्याच्या डोक्यावरून वर धरायची. आपल्याकडे दारूसाठी स्फोटक कायद्याचा परवाना, बंदुकीसाठी शस्त्र परवाना, आणि शेजारी विमानतळ. लाकडी बंदुका हातात द्याव्यात आणि जत्रेत उखळी बार काढणाऱ्या परवानाधारकाकडून मैदानाच्या टोकाला, मोकळ्या जागेत, मोजके आवाज करून घ्यावेत. कोल्हापूरकरांचे कान तोफेला सरावलेले आहेत; नवरात्राचे घट तोफेच्या सलामीनेच बसतात.

घोडे थोडे असावेत, पण लढाईला सरावलेले. लग्नाच्या वरातीतला घोडा बँडला बुजत नाही म्हणून तलवारीच्या खणखणाटाला बुजणार नाही असे नव्हे. ‘सिंहगड’च्या चित्रीकरणात खुद्द बाबूराव पेंटर घोड्यावरून पडून जायबंदी झाले, असे सांगतात. दहा घोडे पुरेत. ते पायदळात कधीही शिरणार नाहीत. बगलेवरून, आखून दिलेल्या पट्ट्यातून दौडत जातील आणि धूळ उडवतील. पाच हजारांची फौज दाखवायची असते ती त्या धुळीत.

ही धूळ प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाऊ नये यासाठी बैठकीचा विचार करावा लागतो. दुपारी चारला सुरू करायचे तर ऊन पश्चिमेकडून येते. प्रेक्षक पश्चिमेला बसवले की सूर्य त्यांच्या पाठीशी आणि शस्त्रांवर चकाकी; पण हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला तर सगळी धूळ त्यांच्यावरच. बैठक नैर्ऋत्येला सरकवावी आणि आदल्या संध्याकाळी टँकरने मैदानावर हलके पाणी मारावे. जास्त मारले तर काळी माती पायांना धरते आणि गडी घसरतात. पहिल्या दोरीपासून लढाईची कड पंधरा मीटर तरी लांब असावी, आणि मधे दुसरी दोरी. दोन दोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात स्वयंसेवक पाठ लढाईकडे आणि तोंड लोकांकडे करून उभे राहतील. हे काम सगळ्यांत कठीण; लढाई सोडून गर्दी बघायची. त्यासाठी गावातल्या महिला बचत गटांना विचारून पाहावे. पोरे त्यांना घाबरतात.

कपड्यांबद्दल वाद घालणाऱ्यांना हवा तेवढा वाव आहे. पॉलिस्टरचा चकचकीत भगवा टाळून जाडे सुती अंगरखे, बाराबंद्या, चोळणे आणि मुंडासी घ्यावीत. गांधीनगर हाकेच्या अंतरावर आहे. घड्याळ, गॉगल, खेळाचे बूट उतरवावेत. चष्म्याला मात्र सवलत द्यावी. इतिहासापेक्षा समोरचा वार दिसणे महत्त्वाचे. कोल्हापुरी चप्पल गवतावर घसरते. सपाट तळव्याचा साधा जोडा बरा.

हौशी मंडळींची खरी परीक्षा मात्र छावणीत होते. लढाई चाळीस मिनिटांची. छावणी दिवसभर उघडी. लोक तिथे मावळ्याला हात लावून पाहतात, प्रश्न विचारतात. ढाल कशाची? गेंड्याच्या कातड्याची असे. पगार मिळायचा का? रात्री काय खायचे? इथे तांबड्या रश्श्याचा प्रश्न येतो. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आली. १६५९ च्या शिपायाच्या भाकरीवर ती कितपत पोचली होती यावर रात्रभर भांडता येईल. बटाटा मात्र चुलीवर दिसता कामा नये, आणि चहाची किटली तंबूच्या मागे. ज्वारी-नाचणीची भाकरी, कांदा, उडदाचे घुटे, गूळ एवढ्यावर छावणी छान चालते. प्रत्येक शिपायाला आपल्या हत्यारावर, आपल्या घोड्यावर किंवा आपल्या सरदारावर दोन मिनिटे धड बोलता आले पाहिजे. ज्याला ते येत नाही त्याने छावणीत लाकडे फोडावीत. तेही शिपायाचेच काम होते.

प्रयोगाचा क्रम फार शिस्तीत बांधायची गरज नाही. आधी दांडपट्ट्याचे रिंगण. मग दोन्ही फौजा मांडताना निवेदकाने एकेका सरदाराची ओळख करून द्यावी, घाई न करता. मग आदिलशाही फळी जागेवर, आणि स्वराज्याचे घोडदळ दोन्ही बगलांवरून. मधल्या फळीची धडक सात-आठ मिनिटांपेक्षा लांबवू नये. त्यापुढे हात थकतात आणि थकलेला हात वार आवरू शकत नाही. शेवटी फाजलखान निसटतो, रुस्तुमे जमान माघार घेतो. त्यांना पकडून गुडघ्यावर बसवायचा मोह होईल. त्या दिवशी तसे घडले नाही.

हलगी थांबली, मेलेले उठले, की लोक मैदानात धावतात, टेंबलाईवर धावतात तसेच. तो क्षण आधीच हिशेबात धरावा. दोरी सोडण्यापूर्वी प्रत्येक शस्त्र वहीतल्या क्रमांकाप्रमाणे परत घ्यायचे आणि आकडा जुळल्याशिवाय कोणालाही आत घ्यायचे नाही, आमदारांनाही नाही. घोडे सर्वांत आधी बाहेर काढायचे. मग लोकांना येऊ द्यावे. फोटो काढू द्यावेत, लाकडी बंदूक खांद्यावर घेऊ द्यावी, फाजलखानाशी हात मिळवू द्यावेत. रात्री पंगतीत तांबडा रस्सा वाढावा, कारण तोवर १६५९ संपलेले असते, आणि पुढच्या वर्षीच्या आदिलशाही फळीच्या चिठ्ठ्या तिथेच उचलून घ्याव्यात. जानेवारीपर्यंत थांबले तर कोणी सापडणार नाही.